घरासाठी वेगळं खातं: कॅनडात आहे, जळगावात काय?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही जळगावला पिंप्राळ्यात भाड्याने राहतो, भाडं ७ हजार. मिस्टर एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. पगार ४६ हजार, त्यात बेसिक आणि डीए मिळून २४ हजार. मी खासगी शाळेत शिकवते, १४ हजार मिळतात, माझा पीएफ कापत नाहीत. ह्यांच्या पीएफमध्ये २ लाख १० हजार आहेत. नोकरी सहा वर्षांची, पण त्यातली दोन वर्षं आधीच्या कंपनीतली. पतसंस्थेत दीड लाखाची ठेव आहे आणि माझं चार तोळे सोनं. पाच वर्षांत जळगावातच २८ लाखांपर्यंतचा टू बीएचके घ्यायचा विचार आहे.

माझा भाऊ कॅनडात असतो. तो सांगतो, तिकडे पहिल्या घरासाठी सरकारने खास खातं काढलंय, पैसे टाकताना टॅक्स नाही आणि काढतानाही नाही. आपल्याकडे असं काही आहे का? त्याच्या खात्यातून त्याला आम्हाला मदत करता येईल का? विम्याचे एजंट म्हणतात, वर्षाला ५० हजारांची पॉलिसी घ्या, टॅक्स वाचेल. ह्यांना बांभोरीच्या बाजूला दीड गुंठा नोटरीवर मिळतोय, तो घेऊन टाकायचाय. सासूबाई अमळनेरकडच्या, त्यांचं एकच: 'पैसा सोनामा टाका.' सासऱ्यांची गावाला दीड एकर आहे, थोडी विकून हातभार लावायला ते तयार आहेत. डोकं चक्रावलंय. – एक वाचक, जळगाव

उत्तर

ताई, भावाचं म्हणणं खरं आहे. कॅनडात १ एप्रिल २०२३ पासून पहिलं घर घेणाऱ्यांसाठी एफएचएसए नावाचं खातं सुरू झालं. वर्षाला ८ हजार डॉलर, आयुष्यभरात ४० हजार डॉलर भरता येतात. भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते, खात्यातली वाढ करमुक्त असते आणि घरासाठी काढलेले पैसेही करमुक्त. खातं जास्तीत जास्त पंधरा वर्षं चालतं. पण घर कॅनडातलंच हवं आणि ते खातेदाराने स्वतः राहायला घेतलेलं हवं. बहिणीच्या जळगावच्या फ्लॅटसाठी त्याने त्यातून पैसे काढले तर ती रक्कम त्याच्या उत्पन्नात धरून तिकडे कर लागेल. तेव्हा त्या खात्याला हात लावायला सांगू नका. त्याला मदत करायचीच असेल तर साध्या बचतीतून बँकेमार्फत पाठवू दे. आपल्या आयकरात भाऊ हा नातेवाईक धरला जातो, त्याने दिलेल्या भेटीवर तुम्हाला कर नाही, रक्कम कितीही असो. भेट म्हणून पाठवल्याचं एका ओळीचं पत्र आणि बँकेचा कागद जपून ठेवा.

आपल्याकडे असं खातं नाही. कायद्यात घर आणि कर यांना जोडणारं एक खातं आहे, पण ते मालमत्ता विकून नफा झालेल्यांसाठी. त्याचं सासऱ्यांच्या जमिनीपाशी बोलू. तुमच्या घरात मात्र या कामाचं एक खातं सहा वर्षांपासून चालू आहे, फक्त त्याच्याकडे त्या नजरेने कुणी पाहिलेलं नाही.

त्याआधी कराचा हिशेब, कारण एजंटांची सगळी मदार त्यावर आहे. मिस्टरांचा वर्षाचा पगार ५ लाख ५२ हजार. नव्या करपद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की ४ लाख ७७ हजार राहतात. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण सूट आहे, म्हणजे कर शून्य. जुन्या पद्धतीने मांडलं तरी ५० हजारांची वजावट आणि पीएफचे साडेचौतीस हजार वजा होऊन उत्पन्न ५ लाखांच्या आत येतं आणि तिथेही कर शून्यच. तुमचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ६८ हजार, तुमचा तर प्रश्नच नाही. जो कर लागतच नाही, तो ५० हजार भरून वाचवायचा कसा? पारंपरिक पॉलिसीत पहिली काही वर्षं मोडायला गेलं की मोठी कात्री लागते आणि तुम्हाला पैसा नेमका त्याच काळात हवाय. एजंट बहुतेक ओळखीतलेच असतील, चहा पाजून नको म्हणा. मिस्टरांचा साधा टर्म विमा मात्र कर्ज घ्यायच्या आधी जरूर काढा, त्याचा हप्ता परत येणार नाही हे धरूनच.

याच कारणाने गृहकर्जाच्या व्याजावरची २ लाखांची वजावट, मुद्दलावरची ८०सी कलमाची वजावट, असं जे सगळीकडे सांगितलं जातं ते तुमच्या कामाचं नाही. त्या सवलती जुन्या पद्धतीतल्या. नव्या पद्धतीत स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही. पहिल्या घरासाठीच्या ज्यादा वजावटी होत्या, त्यांतली ८०ईई मार्च २०१७ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना होती आणि ८०ईईए मार्च २०२२ पर्यंतच्या. आज कुणी त्यांच्या नावाने कर्ज विकत असेल तर त्याची माहिती शिळी आहे. (ही कलमं १९६१ च्या कायद्यातली. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. बँकेत अजून जुनेच बोलले जातात.)

आता पीएफ. मिस्टरांच्या २४ हजारांवर १२ टक्के म्हणजे महिन्याला २,८८० रुपये त्यांचे कापले जातात. कंपनीही २,८८० भरते, पण त्यातले १,२५० पेन्शनकडे वळतात आणि १,६३० पीएफला लागतात. एकूण ४,५१० रुपये. यात कर्मचाऱ्याला स्वखुशीने ज्यादा कापून घेता येतं, त्याला व्हीपीएफ म्हणतात. वेगळं खातं उघडायचं नसतं, एचआरला एक अर्ज द्यायचा, बस. व्याज पीएफचंच मिळतं; २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. कर्मचाऱ्याचा स्वतःचा वर्षाचा भरणा अडीच लाखांच्या आत असेल तर व्याज दोन्ही करपद्धतींत करमुक्त. पुढे पगार वाढून कर लागायला लागला, तर या करमुक्तीची किंमत कळेल. आजच्या घडीला तुम्हाला तिचा उपयोग नाही, उपयोग आहे तो दराचा. इतक्या सुरक्षित जागी इतकं व्याज देणारं दुसरं काही पगारदाराच्या सहज हाताशी नाही.

महिना ६ हजार व्हीपीएफ लावा. मिस्टरांचा वर्षाचा भरणा १ लाख ६ हजारांच्या आसपास जातो, मर्यादेच्या खूप आत. दर ८.२५ राहिला आणि पगार आहे तेवढाच धरला तरी तीन वर्षांत व्हीपीएफचे २ लाख ४३ हजार होतात, नेहमीच्या कपातीचे १ लाख ८३ हजार, आणि आजचे २ लाख १० हजार वाढून २ लाख ६६ हजार. बेरीज ६ लाख ९२ हजार. पाच वर्षं म्हणालात आणि हिशेब तीनचा का, ते पुढे येतंय.

यातले काढता किती येतील? पीएफच्या ६८-बी या जुन्या नियमात पाच वर्षं सभासद असलेल्याला घरासाठी ३६ महिन्यांच्या बेसिक-डीएइतकी रक्कम काढता येते. तुमच्या बाबतीत ८ लाख ६४ हजारांपर्यंत, अर्थात खात्यात तेवढी असेल तर. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढायच्या तेरा तरतुदी एकत्र करून तीन गट करायचं ठरवलं. त्यात किमान नोकरी १२ महिन्यांवर आणली, पण २५ टक्के रक्कम कायम खात्यात ठेवायची अट घातली. दोन्हीत जे कमी ते धरून चालायचं: ६ लाख ९२ हजारांचे ७५ टक्के, म्हणजे ५ लाख १९ हजार. उरलेले मिस्टरांच्या म्हातारपणाचे, ते तिथेच बरे.

पीएफचा अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा बारीकसारीक कारणांनी. तुमच्या पत्रात एक कारण मला स्पष्ट दिसतंय: आधीच्या कंपनीतली दोन वर्षं. दोन्ही नोकऱ्यांचा यूएएन (सभासदाचा कायमचा पीएफ क्रमांक) एकच असला तरी प्रत्येक कंपनीचा सभासद क्रमांक वेगळा असतो, आणि जुन्यातली रक्कम नव्यात वळती केलेली नसेल तर तुमची सहा वर्षं कागदावर चारच राहतात. मिस्टरांना पोर्टलवरचं पासबुक उघडायला सांगा. वर सभासद क्रमांकाची यादी दिसते. तिथे दोन क्रमांक असतील आणि जुन्यात शिल्लक दिसत असेल तर ऑनलाइन ट्रान्सफरचा अर्ज लगेच करा. त्यासाठी जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली लागते. ती कोरी असेल तर शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाल्यावर सभासदाला स्वतः भरता येते. मग बघायचं नाव. आधारवर वडिलांच्या नावासकट तीन शब्द, पॅनवर दोनच, पीएफमध्ये आडनाव आधी, हे आपल्याकडे घरोघरी आहे. तिन्ही कागद अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, बँक खातं आणि जन्मतारीखही. ही कामं आत्ता करायची. फ्लॅटचा विसार देऊन झाल्यावर जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी हेलपाटे घालणाऱ्याची काय गत होते ते विचारू नका.

व्हीपीएफ बऱ्याच कंपन्या वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये बदलू देतात. आपल्या कंपनीत काय रीत आहे ते विचारून अर्ज द्या, आणि पहिल्या महिन्याच्या पगारपत्रकात ६ हजार वेगळे दिसतात का ते बघा.

तर तीन वर्षं का. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे, म्हणजे ऑगस्ट २०२९ पर्यंत. तिच्यातल्या व्याज अनुदानाच्या भागात तुम्ही जवळजवळ मापून बसता. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत हवं, तुमचं ७ लाख २० हजार. घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत हवं. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, १२० चौरस मीटरपर्यंत चालतं. पहिल्या ८ लाख कर्जावर ४ टक्के अनुदान, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतं, म्हणजे वर्षाला ३६ हजार. पाच वर्षांनी, २०३१ ला घर घ्यायला गेलात तर योजना वाढवली जाईल या आशेवर बसावं लागेल. २०२६ च्या मध्यावर बचत सुरू केली तर २०२९ च्या उन्हाळ्यापर्यंत तीन वर्षं मिळतात. कर्जमंजुरी आणि रकमेचं वाटप दोन्ही मुदतीत व्हायला हवं, त्यामुळे फ्लॅट होळीच्या सुमारास पक्का करायचा, पोळ्यापर्यंत ताणायचा नाही.

अटींपैकी जपायची ती ही: नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. सासऱ्यांचं गावचं घर त्यांच्याच नावावर असेल तर अडचण नाही, तुमचं कुटुंब वेगळं धरलं जातं. पण ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून बघा. वाटणीच्या बोलण्यात कुणी हौसेने मिस्टरांचं नाव लावून ठेवलेलं असेल तर अडकाल. दुसरं, बँकेत कर्जाचा अर्ज करतानाच विचारा की तुम्ही या योजनेत प्रकरण पाठवता का. सगळ्या शाखांना त्यात रस नसतो आणि कर्ज वाटून झाल्यावर हात वर करतात. तिसरं, अनुदानाचा हप्ता येताना कर्ज चालू आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. पहिल्या पाच वर्षांत मोठी रक्कम एकदम फेडायचा मोह आवरा.

आता घर कोणाच्या नावावर. तुमच्या, एकटीच्या. यात बायकांना खूश करायचा भाग नाही, आकडे तसे आहेत. महाराष्ट्रात फक्त महिलेच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. दस्तात नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. २८ लाखांवर हे २८ हजार रुपये झाले. पगारदाराचं नाव घरावर नसेल तर त्याला व्याजाची वजावट मिळत नाही, म्हणून सीए लोक सहसा दोघांची नावं लावायला सांगतात. तुमच्या घरी त्या वजावटीचा उपयोगच नाही हे वर पाहिलंच. ६८-बी मध्ये घर सभासदाच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर चालतं, त्यामुळे मिस्टरांचा पीएफ तुमच्या नावच्या फ्लॅटला वापरता येतो. वडील किंवा भावासोबत एकत्र नाव मात्र चालत नाही. खान्देशात बापाच्या जागेवर मुलाने पीएफमधून बांधायला काढायचं म्हटलं की अर्ज इथेच अडतो. कर्जात मिस्टर सहकर्जदार राहतील, बँक त्यांचाच पगार बघून कर्ज देणार आहे. दारावरच्या पाटीवर कोणाचं नाव लावायचं ते तुमचं तुम्ही मिटवा.

खर्चाचा कागद असा दिसेल. फ्लॅट २८ लाख. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँकेला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, पण तुम्ही २२ लाखच घ्या, स्वतःचे ६ लाख. बँकेची ही टक्केवारी फ्लॅटच्या किमतीवर असते. मुद्रांक आणि नोंदणी तिच्यात धरत नाहीत, ते पूर्णपणे खिशातून. नेमकं इथे लोक गोत्यात येतात. 'दहा टक्के भरले की घर' असं ऐकून तीन लाख घेऊन जातात आणि दस्ताच्या आठवड्यात नातेवाइकांना फोन सुरू होतात. महापालिका हद्दीत मुद्रांक साधारण ६ टक्के, तुमच्या नावावर ५, म्हणजे १ लाख ४० हजार. करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जी जास्त असेल तिच्यावर हे लागतं, म्हणून दस्ताआधी रेडी रेकनरचा दर काढून ठेवा. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. तुम्हाला २८ हजार. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो: किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, म्हणजे आणखी २८ हजार. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाही. बँकेची फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, वीज मीटर, सोसायटीची अनामत, पंखे, ओटा, ट्रॉल्या यांना लाखभर धरा. सगळं मिळून ८ लाख ९६ हजार.

समोर जमा काय? पीएफचे ५ लाख १९ हजार. तुमच्या पगारातून महिना ५ हजारांची आरडी बँकेत लावा, साडेसहा टक्क्यांनी तीन वर्षांत साधारण १ लाख ९८ हजार होतात. दीड लाखाची ठेव त्याच दराने वाढून १ लाख ८१ हजार. बेरीज ८ लाख ९८ हजार. म्हणजे काठावर पास. मिस्टरांच्या पगारवाढीतले निम्मे व्हीपीएफमध्ये घाला आणि भावाकडून किंवा सासऱ्यांकडून जे येईल ते अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा. तीन वर्षांत फ्लॅटचा भाव वाढला तर कर्ज २३-२४ लाखांवर न्या. ८ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे हप्ता ८३६ रुपये पडतो.

आणि हे बघा. भाडं ७ हजार, व्हीपीएफ ६, आरडी ५, झाले १८ हजार. २२ लाखांचा हप्ता येतो १८ हजार ४००. म्हणजे या तीन वर्षांत तुम्ही दर महिन्याला हप्ताच भरून बघताय. सहा महिन्यांत ओढाताण व्हायला लागली, शाळेची फी की आरडी असा प्रश्न पडायला लागला, तर समजा २८ लाखांचं घर तुम्हाला आज जड आहे. मग बजेट २४ वर आणा, आरडी मोडू नका.

ठेव पतसंस्थेत आहे, ती मुदत संपताच उचला. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नसतं. पाऊण-एक टक्का जास्त व्याजाच्या नादात ठेवी अडकलेली घरं जळगाव जिल्ह्यात शोधावी लागत नाहीत. नव्याने लावताना तीन वर्षांची मुदत घ्या, करबचतवाली पाच वर्षांची ठेव घेऊ नका, ती मध्ये मोडता येत नाही.

पीपीएफबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. खातं उत्तम, दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के, व्याज करमुक्त. पण २०२६-२७ मध्ये उघडलं तर त्यातून पहिल्यांदा पैसे काढता येतील ते एप्रिल २०३२ नंतर, तेही जास्तीत जास्त निम्मे. मुदतीआधी खातं बंद करायला आजारपण आणि शिक्षण ही कारणं चालतात, घरखरेदी चालत नाही. मुलांसाठी उघडा, फ्लॅटसाठी नको.

सासूबाईंना दुखवू नका, पण दर महिन्याला दागिना घेणं म्हणजे ३ टक्के जीएसटी आणि घडणावळ पहिल्याच दिवशी सोडून देणं. सुवर्णनगरीत राहून हे सांगणं अवघड आहे, कबूल. जे चार तोळे आहेत ते मोडू नका, शेवटच्या क्षणी लाखभर कमी पडलं तर तारण ठेवा किंवा विका. दोन वर्षांपेक्षा जुन्या सोन्याच्या नफ्यावर कर १२.५ टक्के असला तरी तुमचं उत्पन्न ४ लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या खूप खाली आहे. मधल्या जागेत नफा बसला तर कर लागणार नाही.

बांभोरीचा दीड गुंठा: नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, नोटरीच्या शिक्क्याने मालकी येत नाही. सात-बाऱ्यावर मूळ मालकाचंच नाव राहतं, उद्या त्याच्या मुलाने तोच तुकडा दुसऱ्याला दस्त करून दिला तर तुमच्याकडे कागद असतो आणि त्याच्याकडे जमीन. बँक त्यावर कर्ज देत नाही, पीएफ कार्यालय तो कागद मानत नाही. शिवाय हातातला दीड लाख तिकडे गेला की वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

सासऱ्यांच्या जमिनीचं दोन गोष्टींवर ठरेल. पहिली, गाव कुठे आहे. नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ हवाई अंतर मोजतात. शहराची लोकसंख्या १ लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६, त्यावर ८. या वर्तुळाबाहेरची शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही, विकून आलेल्या पैशावर कर शून्य. तसा अंतराचा दाखला घेऊन ठेवायचा. जमीन वर्तुळाच्या आत असेल तर नफ्यावर कर लागतो, आणि तिथे ते मघाचं खातं येतं: भांडवली नफा खाते योजना, १९८८ ची. विक्रीचे पैसे रिटर्नच्या मुदतीपर्यंत घरात गुंतवून झाले नाहीत तर अधिकृत बँकेच्या शहरी किंवा निमशहरी शाखेत या खात्यात ठेवायचे, दोन वर्षांत घर घ्यायचं किंवा तीन वर्षांत बांधायचं. काढलेले पैसे ६० दिवसांत वापरावे लागतात आणि खातं बंद करायला आयकर अधिकाऱ्याची परवानगी लागते, त्यामुळे गंमत म्हणून उघडायचं खातं नव्हे. मुख्य म्हणजे ही सूट मिळायला नवं घर विकणाऱ्याच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावावर लागेल. तसं केलंत तर तुमची महिला सवलत, पीएफ आणि आवास योजना तिन्ही हातची जातील. म्हणून जमीन वर्तुळात निघाली तर कर भरून मोकळं होणं परवडेल.

दुसरी गोष्ट, तुकडा किती विकता येतो. आपल्याकडे जिरायत २० आणि बागायत १० गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. दीड एकर म्हणजे ६० गुंठे, 'थोडी' विकायची म्हणजे जिरायत असेल तर निदान २० गुंठे. जमीन वडिलोपार्जित असेल तर नणंदांचा हक्क बरोबरीचा आहे, त्यांच्या सह्या आधी घ्या, नंतर समजूत काढत बसण्यापेक्षा. पैसे आले की सासऱ्यांनी मिस्टरांच्या खात्यात बँकेने टाकावेत. बापाने मुलाला दिलेल्या भेटीवर कर नाही. रोख मात्र घेऊ नका, ना जमिनीच्या व्यवहारात ना फ्लॅटच्या. स्थावर मालमत्तेत २० हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, म्हणजे २० गुंठ्यांचा सौदा रोखीत झाला तर नोटीस सासऱ्यांना येणार.

बिल्डरकडे जाल तेव्हा महारेराचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. २ लाख ८० हजारांच्या वर एक रुपया मागितला तर आधी करार.

या रविवारी मिस्टरांचं पीएफ पासबुक उघडा. दोन सभासद क्रमांक दिसले तर जुन्यातली शिल्लक आणि नोकरी सोडल्याची तारीख वहीत लिहून घ्या, आणि सोमवारी एचआरकडे जाताना व्हीपीएफच्या अर्जासोबत तीच वही न्या.